वाकोल्यातून कूपरपर्यंत: डॉक्टरकीची जागा मिळते कशी

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल साधारणपणे जूनमध्ये लागतो. त्या आठवड्यात वाकोला ब्रिजपासून दत्तमंदिर रोडपर्यंतच्या चाळींत आणि सोसायट्यांत एकच प्रश्न फिरत असतो, "किती पडले?" प्रश्न साहजिक आहे, पण पुढचे तीन-चार महिने त्या आकड्यावर चालत नाहीत. ते रँकवर, कागदांवर आणि संगणकात भरलेल्या पसंतीक्रमावर चालतात. चांगले गुण मिळवूनही हातची जागा घालवणारी मुलं दर वर्षी असतात. कुणाचा दाखला वेळेत आलेला नसतो, कुणी चुकीच्या समजुतीने फॉर्म भरलेला असतो, कुणी तारीखच पाहिलेली नसते. घरात याआधी कुणी डॉक्टर झालेलं नसेल, तर हे सगळं समजावून सांगणारंही कुणी नसतं. म्हणून ही यंत्रणा कशी चालते ते पहिल्यापासून पाहू.

गुण, पात्रता आणि रँक

नीट-यूजी ७२० गुणांची असते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं तर एक कापला जातो. परीक्षा घेणाऱ्या एनटीएकडून आलेल्या स्कोअरकार्डावर गुण, पर्सेंटाइल आणि ऑल इंडिया रँक अशा तीन गोष्टी असतात. त्यातली जागा मिळवून देते ती रँक.

पात्र होणं आणि जागा मिळणं यांत फार मोठं अंतर आहे. खुल्या गटाला पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल लागतं. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांना ४०. २०२५ साली खुल्या गटाची ही रेषा ७२० पैकी अवघ्या १४४ गुणांवर आली होती. त्या वर्षी बावीस लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली आणि बारा लाखांहून जास्त पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे साधारण दहा पात्र उमेदवार. "मुलगी नीट पास झाली" म्हणून पेढे जरूर वाटा, पण लढतीला अजून सुरुवात व्हायची आहे हे ध्यानात ठेवा.

गेल्या वर्षीच्या गुणांशी यंदाचे गुण ताडून पाहण्यातही अर्थ नसतो. २०२४ मध्ये पेपर सोपा गेला. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांची रांग लागली आणि महाराष्ट्रात खुल्या गटातून सरकारी जागेसाठी ६४० च्या आसपास गुण लागले. २०२५ मध्ये पेपर इतका कठीण होता की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते आणि महाराष्ट्रात सरकारी जागा पाचशेच्या आसपास मिळत होती. शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी ६१० ला काय मिळालं, हे यंदा विचारून उपयोग नाही. त्याची रँक किती होती हे विचारा. रँकची तुलना थोडीफार जमते. दोघांचे गुण सारखे असले, तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहिले जातात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे.

खिडक्या दोन, नियम वेगळे

नीट एकच असली, तरी प्रवेशाच्या खिडक्या दोन आहेत आणि दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते.

पहिली खिडकी दिल्लीची. मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी. देशभरातल्या सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा इथून भरल्या जातात. त्याशिवाय सगळ्या एम्स, जिपमेर आणि अभिमत म्हणजेच डीम्ड विद्यापीठांच्या जागाही इथूनच जातात. नेरुळचं डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम नवी मुंबईत असलं, तरी ती अभिमत विद्यापीठं असल्यामुळे त्यांचा अर्ज एमसीसीकडे करायचा. हा ऑल इंडिया कोटा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमधून आला. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने म्हटलं की, वैद्यकीय शिक्षणाच्या सगळ्याच जागा त्या त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी राखून ठेवता येणार नाहीत. त्यातून पुढे १५ टक्क्यांचं प्रमाण ठरलं.

दुसरी खिडकी आपल्या राज्याची. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल. याचं कार्यालय फोर्टला न्यू एक्सेलसियर इमारतीत आहे, पण सगळं काम ऑनलाइन चालतं. सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांच्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातल्या खासगी महाविद्यालयांच्या जागा इथून भरतात. सीईटी सेलकडे नोंदणी केलेल्या मुलांची राज्य गुणवत्ता यादी नीटच्या रँकवरून तयार होते. राज्याच्या वाटपात चालतो तो या यादीतला क्रमांक.

दोन्हीकडे नोंदणी करा. दिल्लीच्या खिडकीवर सरकारी जागांसाठी खुल्या गटाला १,००० रुपये शुल्क आणि १०,००० रुपये अनामत भरावी लागते. राखीव गटांना ५०० आणि ५,०००. अभिमत विद्यापीठांसाठी शुल्क ५,००० आणि अनामत २ लाख. अभिमतची फी परवडणारच नसेल, तर तो पर्याय निवडूच नका.

कूपरच्या दोनशे जागा

कोट्याची टक्केवारी तोंडी सांगितली की डोक्यावरून जाते. म्हणून एकच महाविद्यालय घेऊ, वाकोल्याला सगळ्यांत जवळचं. सांताक्रूझ पूर्वेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय पालिकेचं असलं, तरी तिथे एमबीबीएस शिकवत नाहीत. हायवे आणि रेल्वे ओलांडून विलेपार्ले पश्चिमेला गेलं की कूपर रुग्णालय लागतं. त्याला जोडून २०१५ साली पालिकेने हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथे एमबीबीएसच्या २०० जागा आहेत.

त्यातल्या १५ टक्के, म्हणजे ३० जागा दिल्लीकडे जातात. तिथे देशभरातली मुलं येतात आणि केंद्राचं आरक्षण लागू होतं: अनुसूचित जाती १५ टक्के, जमाती साडेसात, ओबीसी २७, आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणजे ईडब्ल्यूएस १०. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचं आरक्षण या कोट्यात २०२१-२२ पासून आलं.

राज्याकडे उरल्या १७०. त्यांच्यावर राज्याचं आरक्षण चालतं. अनुसूचित जाती १३ टक्के, म्हणजे साधारण २२ जागा. जमाती ७ टक्के, १२ जागा. विमुक्त जाती ३ टक्के, ५ जागा. भटक्या जमाती ब, क आणि ड यांना अनुक्रमे अडीच, साडेतीन आणि दोन टक्के; मिळून १३ च्या आसपास. ओबीसी १९ टक्के, ३२ जागा. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजासाठी आलेल्या एसईबीसी गटाला १० टक्के, १७ जागा. ईडब्ल्यूएस १० टक्के, आणखी १७. बेरीज होते ११८. म्हणजे १७० पैकी खुल्या स्पर्धेला उरल्या सुमारे ५२.

हे झालं टक्केवारीवरचं गणित. प्रत्यक्ष तक्त्यात पूर्णांकामुळे आणि दिव्यांग, सैनिकांची मुलं, डोंगरी भाग, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग अशा छोट्या कोट्यांमुळे आकडे एक-दोनाने इकडेतिकडे होतात. शिवाय प्रत्येक गटात ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. हा तक्ता दर वर्षी सीईटी सेल प्रसिद्ध करते; त्याला सीट मॅट्रिक्स म्हणतात. आपल्या गटाला प्रत्येक महाविद्यालयात नेमक्या किती जागा आहेत, हे फॉर्म भरण्याआधी त्यात पाहून घ्यावं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राखीव गटातल्या मुलाने गट नोंदवला म्हणून तो खुल्या जागेतून बाहेर पडत नाही. ५२ खुल्या जागा सगळ्यांसाठी असतात. त्याची रँक खुल्या जागेपर्यंत पोहोचत असेल तर त्याला ती मिळते, आणि त्याच्या गटातली जागा मागच्या मुलाला राहते. गट लपवून काहीही मिळत नाही.

मुंबईत सरकारी-पालिकेचे पर्याय बरेच आहेत. १८४५ पासूनचं ग्रँट मेडिकल आणि जे. जे. रुग्णालय, परळचं सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम, शीवचं म्हणजे सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, आणि २०२४ साली जी. टी. व कामा रुग्णालयांना जोडून सुरू झालेलं नवं शासकीय महाविद्यालय. जरा पुढे कळव्याचं राजीव गांधी आणि अंबरनाथचं नवं महाविद्यालय. कोकणातून मुंबईत आलेल्या घरांना अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही अलीकडची सरकारी महाविद्यालयंही सोयीची ठरतात. कितीतरी जणांचं तिथे आजोळ असतं.

मात्र "आम्ही मुंबईचे, म्हणून आम्हाला आधी" असं काही उरलेलं नाही. पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग पाडून ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना देत. हा ७०:३० चा नियम सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. आता केईएमच्या जागेसाठी वाकोल्याची मुलगी आणि लातूरचा मुलगा एकाच रांगेत असतात, तसंच नागपूरच्या जागेसाठीही.

दहावी, बारावी आणि डोमिसाईल

राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी ढोबळ नियम असा: दहावी महाराष्ट्रातून, बारावी महाराष्ट्रातून आणि महाराष्ट्राचा अधिवास दाखला, म्हणजे डोमिसाईल. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद आहेत, पण ते अटींनी बांधलेले.

मोठी चूक इथेच होते. दहावीनंतर मुलाला शिकवणीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवायचं ठरतं. क्लासवाले सांगतात, बारावीचं नाव तिकडच्याच शाळेत घाला, उपस्थितीची भानगड नको. दोन वर्षांनी नीटमध्ये उत्तम गुण मिळतात आणि मग कळतं, बारावी राजस्थानातून झाल्यामुळे महाराष्ट्राच्या राज्य कोट्याचं दार बंद झालंय. सरकारी जागांपैकी त्या मुलाला उरतात त्या फक्त दिल्लीच्या खिडकीवरच्या. शिकवणी हवी तिथे लावा, पण बारावीचा परीक्षा फॉर्म महाराष्ट्रातल्या कॉलेजातूनच भरा.

बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात, आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं.

कागदांची फाइल

नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र हे कागद बहुतेक घरी असतात किंवा दोन दिवसांत मिळतात. वेळ खातात ते महसूल खात्याचे दाखले.

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतो. महसुली दफ्तरात वाकोला आणि कलिना हे कोलेकल्याण गावात मोडतात आणि तालुका अंधेरी लागतो. त्यामुळे अर्ज अंधेरीच्या तहसीलदारांकडे जातो. राज्यातल्या दहा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. भाड्याने राहणाऱ्यांची इथे अडचण होते: लाइटबिल मालकाच्या नावाचं, करार अकरा महिन्यांचा. अशा वेळी मुलाच्या शाळेची सलग वर्षांची नोंद, रेशनकार्ड, वडिलांचं बँक पासबुक असे कागद कामी येतात. जूनमध्ये सेतूवर दहावी-बारावीच्या मुलांची झुंबड असते. हा दाखला जानेवारीतच काढून ठेवलेला बरा.

जातीच्या दाखल्यात घोळ होतो तो गावाचा. जातीचा दाखला तुम्ही आज कुठे राहता यावर मिळत नाही. ठरलेल्या मानीव तारखेला तुमचे आजोबा-पणजोबा कुठे राहत होते, त्यावर मिळतो. ती तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे घर वाकोल्यात असलं, पण आजोबा १९६७ साली संगमेश्वरात असतील, तर दाखला रत्नागिरी जिल्ह्यातून काढायचा. जात वैधता प्रमाणपत्रही तिथल्याच पडताळणी समितीकडून येणार, बांद्र्याच्या उपनगर समितीकडून नाही. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधला उतारा हा यातला मुख्य पुरावा. गावची शाळा गणपतीत बंद असते. त्या सुट्टीत गेलात तर हात हलवत परत याल.

या वैधता प्रमाणपत्राला, म्हणजे व्हॅलिडिटीला, महिनोन्महिने लागू शकतात. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना कॉलेजमार्फत ऑनलाइन अर्ज करता येतो आणि तो अकरावीतच करायचा. अर्जाची नुसती पावती चालेल का, हे त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयावर ठरतं. त्या भरवशावर राहू नका.

नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले दोन नमुन्यांत काढावे लागतात, एक राज्याचा आणि एक केंद्राचा. दिल्लीच्या खिडकीवर केंद्राच्याच नमुन्यातला आणि त्याच आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा दाखला लागतो. गटही बदलतात. राज्यात भटक्या जमातीत असणारे कितीतरी समाज केंद्राच्या यादीत ओबीसीमध्ये आहेत. एसईबीसी गट केंद्रात नाहीच; तिथे मराठा उमेदवार एकतर खुल्या गटात, नाहीतर अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये. कुणबी नोंद असलेल्यांना मात्र दोन्हीकडे ओबीसी लागू होतं. एकाच मुलाचा गट दोन खिडक्यांवर वेगळा असू शकतो, हे फॉर्म भरणाऱ्याच्या डोक्यात स्पष्ट हवं.

पसंतीक्रम: संगणक काय करतो

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी. महाविद्यालयांची यादी तुम्ही आपल्या आवडीच्या क्रमाने भरता. वाटपाच्या दिवशी संगणक राज्य यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारापासून सुरुवात करतो. त्याची पहिली पसंती मोकळी आहे का? असेल तर देऊन टाकतो. मग दुसरा क्रमांक, मग तिसरा. तुमचा नंबर आला की तुमच्या यादीतलं पहिलं नाव पाहतो. तिथे तुम्हाला लागू असलेली जागा उरली नसेल तर दुसरं, मग तिसरं. पहिली मोकळी जागा सापडली की तिथेच थांबतो. खालची यादी तो वाचतही नाही.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, वर टाकलेल्या अवघड पसंतीमुळे काहीही नुकसान होत नाही. समजा एका मुलीने केईएम, सायन, नायर, कूपर, कळवा असा क्रम भरला. केईएम आणि सायन तिच्या आधीच भरले, नायरला एक जागा होती. तिला नायर मिळालं. आता तिच्या मावशीने सल्ला दिला असता, "केईएम तुला लागणार नाही, कूपर वर टाक, नाहीतर तेही जाईल," आणि तिने कूपर पहिलं टाकलं असतं, तर तिला कूपर मिळालं असतं आणि नायर हातचं गेलं असतं. शिवाय तिच्या मागच्या क्रमांकाच्या एखाद्या मुलाने कूपर पहिलं टाकलं, तरी तो तिच्यापुढे जात नाही. आधी तिचा नंबर, मग त्याचा. महाविद्यालयाला तुम्ही कितवी पसंती दिली, याला संगणकाच्या लेखी काही किंमत नाही. किंमत तुमच्या क्रमांकाला आहे. म्हणून यादी भरायची ती शुद्ध आवडीने. गेल्या वर्षीच्या कट-ऑफचा उपयोग यादी किती लांब ठेवायची एवढं ठरवण्यापुरताच.

दुसरी, जिथे जायचंच नाही ते नाव यादीत टाकू नका. फी परवडणार नाही अशी खासगी महाविद्यालयं "असू देत" म्हणून शेवटी टाकली आणि तिथेच नंबर लागला, की पुढच्या फेऱ्यांचे नियम अंगावर येतात.

फॉर्म लॉक करायला शेवटचा तास ठेवू नका. आदल्या दिवशी लॉक करून प्रिंट काढा आणि प्रिंटवरचा क्रम घरातल्या दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या.

फेऱ्या: घ्यायचं, सोडायचं, थांबायचं

दोन्ही खिडक्यांवर साधारण तीन मुख्य फेऱ्या होतात आणि मग उरलेल्या जागांसाठी स्ट्रे राउंड. दिल्लीच्या खिडकीवर पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तरी काही जात नाही. दुसऱ्या फेरीत न घेतल्यास अनामत जप्त होते. तिसऱ्या फेरीत घेतलेली जागा सोडता येत नाही. स्ट्रे राउंडला मिळालेली जागा न घेणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या नीटला बसू न देण्याची तरतूद आहे. फेरी जितकी पुढची, तितकी बाहेर पडण्याची किंमत जास्त, हे सूत्र लक्षात ठेवलं तर बाकी तपशील त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत सापडतात.

राज्याच्या प्रवेशात जागा मिळाली आणि तुम्ही समाधानी असाल, तर महाविद्यालयात हजर होताना स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरायचा. त्याचा अर्थ, मला हीच जागा हवी, पुढच्या फेरीत माझं नाव घेऊ नका. तो भरला नाही तर वरच्या पसंतीसाठी तुमचा विचार सुरू राहतो. यालाच मुलं बेटरमेंट म्हणतात. बेटरमेंटमध्ये नवी जागा लागली की जुनी त्याच क्षणी दुसऱ्याला जाते. "नवी बघतो, नाही आवडली तर जुनी ठेवतो" असं होत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीआधी यादी पुन्हा वाचा: हातात असलेल्या जागेपेक्षा खरोखर बरी वाटणारी नावंच तीत हवीत.

जागा लागल्यावर हजर व्हायला मोजकेच दिवस मिळतात. मूळ कागद महाविद्यालय ठेवून घेतं. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स आणि स्कॅन आधीच करून ठेवा. फी डिमांड ड्राफ्टने मागितली तर सुट्टीच्या दिवशी बँक उघडी सापडणार नाही. दोन खिडक्यांवर जागा लागल्या तर ठेवता येते ती एकच, आणि दुसरी वेळेत रीतसर सोडावी लागते. सोडल्याची पावती फाइलमध्ये गेलीच पाहिजे.

फी आणि सवलती

सरकारी आणि पालिकेच्या महाविद्यालयांची वर्षाची फी दोन लाखांच्या आत असते. खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती सरकारीच्या कित्येक पट, आणि संस्थेच्या स्वतःच्या, म्हणजे संस्थास्तर कोट्यात त्याहूनही वर. बऱ्याच अभिमत विद्यापीठांत ती वर्षाला वीस लाखांपलीकडे जाते. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. हॉस्टेल, मेस, पुस्तकं वेगळी. पहिल्या वर्षाची फी कशीबशी जमवून प्रवेश घेण्याआधी साडेचार वर्षांची बेरीज कागदावर करा.

सवलती आहेत, पण त्या मागून घ्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी प्रतिपूर्ती मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थास्तर कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यांना एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा बॉण्डही द्यावा लागतो.

"सीट करून देतो" म्हणणारे

निकालानंतर फोन सुरू होतात. कर्नाटकात सीट आहे, अमुक कॉलेजात मॅनेजमेंट कोटा आहे, निम्मे आता द्या. हे फोन आले की एक गोष्ट आठवा: खासगी महाविद्यालय असो, अभिमत असो की संस्थास्तर कोटा, एमबीबीएसची प्रत्येक जागा नीटच्या गुणवत्तेने आणि सरकारी प्रवेश प्रक्रियेतूनच भरते. त्या यादीत नाव नसलेल्या मुलाची नोंदणी पुढे ग्राह्यच धरली जात नाही. मधल्या माणसाला दिलेले पैसे म्हणजे पाण्यात. आपला लॉगिन आणि पासवर्डही कुणा समुपदेशकाच्या हाती देऊ नका. मोबाइलवर येणारा ओटीपी घरातच राहिला पाहिजे.

एमबीबीएस नाहीच मिळालं, तर त्याच नीटवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीचे प्रवेश होतात. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायरचं दंत महाविद्यालय आहे, वरळीला पोदार आयुर्वेद आहे. पुन्हा एक वर्ष नीट द्यायची का, हा निर्णय घरात शांतपणे घ्या आणि त्यात मुलाचं मत पहिलं ऐका.

अकरावीत मूल असलेल्या पालकांनी हे वाचून वर्तमानपत्रांच्या रद्दीत टाकू नये. याच महिन्यात व्हॅलिडिटीचा अर्ज करा, जानेवारीत डोमिसाईल काढा, १ एप्रिलनंतर नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले दोन्ही नमुन्यांत घ्या. निकालानंतर एमसीसी आणि सीईटी सेल या दोन्ही संकेतस्थळांवरच्या सूचना रोज सकाळ-संध्याकाळ वाचा. व्हॉट्सॲपवर आलेली तारीख तिथे ताडून पाहिल्याशिवाय खरी मानू नका. अभ्यास मुलाने करायचा आहे. कागदांची फाइल आणि तारखा सांभाळणं हे आईवडिलांचं काम.